खाऱ्या हवेत आठ महिने टॅब: स्क्रीन उत्तम, चार्जिंगच्या नावाने शंख

टॅब चार्ज होईना म्हणून हे लिहायला बसले, तेव्हा सूर कसला असेल ते ओळखा. कंपनीचं नाव मुद्दाम देत नाही, भांडण अजून मिटलेलं नाही.

देवगड तालुक्यातल्या एका कॉलेजात मी बॉटनी शिकवते. टॅब जूनमध्ये घेतला, पदरच्या साडेसतरा हजारांत. स्क्रीन उत्तम, बॅटरी दोन दिवस पुरते. पावसात लाईट गेली की प्रोजेक्टर बंद पडतो, पण टॅब बाकाबाकांवर फिरवून तास पुरा होतो. कौतुक इथे संपलं.

सप्टेंबरात चार्जर लावला की स्क्रीनवर 'ओलावा आढळला' असं यायला लागलं. पुसलं, पंख्याखाली ठेवला, रात्रभर तांदळाच्या डब्यात पुरला. सकाळी सासूबाई: "तांदळात ह्यां काय घातलंस गो?" उपयोग शून्य, उलट चार्जिंगच्या पॉइंटमध्ये तांदळाचा भुसा. मग केबल डावीकडे वाकवून वर कंपासपेटी ठेवली तरच चार्जिंग व्हायचं. दिवाळीनंतर तेही बंद.

फोंडा घाट चढून एसटीने कोल्हापूरच्या सर्व्हिस सेंटरला गेले. काउंटरवरच्या मुलाने सिमचा ट्रे काढला, आतला स्टिकर गुलाबी झालेला दाखवला. "मॅडम, पाणी गेलंय. वॉरंटी नाही. बोर्ड बदलायला ७,२००." अहो, कधी पाण्यात पडलाच नाही! बॉक्सवर आयपी ५२, म्हणजे धूळ-पाण्यापासून बचावाचा दर्जा, छापलंय, त्याचं काय? तर तो म्हणतो, ती चाचणी साध्या पाण्याच्या थेंबांची, खाऱ्या हवेची नव्हे. मग समुद्राकाठच्या दुकानात विकताना हे सांगायला काय झालं होतं? तसाच परत आणला. जाण्यायेण्याचं भाडं गेलं ते वेगळंच.

इथवर लिहून पंधरा दिवस ठेवलं होतं. मधल्या काळात माझंच मत थोडं हललं, तेही लिहिते.

टॅब बंद होता तेव्हा तास मुलांच्या फोनवर चालले. याच मुलांचे फोन मी पूर्वी टेबलावरच्या खोक्यात जमा करून घ्यायचे! मुलांना खाडीवर नेलं, तर एकाने दोनशे रुपयांची चिमट्याची लेन्स फोनला लावून तिवराच्या, म्हणजे खारफुटीतल्या एका झाडाच्या, पानाचा फोटो काढला. तिवर जास्तीचं मीठ पानातल्या ग्रंथींतून बाहेर टाकतो, हे मी दरवर्षी फळ्यावर लिहिते. फोटोत मिठाचे स्फटिक कण न् कण दिसत होते. मग त्याच लेन्सने त्याने माझ्या टॅबचं भोक पाहिलं. पिनांवर हिरवट थर. "मॅडम, टॅबला पण मीठ बाहेर टाकायला शिकवा." वर्ग हसला, मीही.

फोनवर सगळंच गोड नाही. ई-पीजी पाठशाला या सरकारी अभ्यास-साइटचे पीडीएफ ए-फोर कागदाच्या मापाचे, फोनवर एकेक ओळ सरकवत वाचायची. एनपीटीईएलचे (आयआयटीवाल्यांच्या मोफत तासांचे) व्हिडिओ मात्र रात्री रेंजवाल्या घरात उतरवायचे आणि सकाळी एकमेकांना पाठवायचे, हे छान जमतं. यूजीसीच्या २०२१ च्या नियमांत सत्रातले ४० टक्क्यांपर्यंत कोर्स स्वयम या केंद्र सरकारच्या ऑनलाइन पोर्टलवरून घ्यायची मुभा आहे. ज्यांनी ती लिहिली त्यांनी एकदा आमच्या जेट्टीवर उभं राहून लॉगिन करून दाखवावं.

शेवटी टॅब बाजारपेठेतल्या मोबाईलवाल्याकडे दिला. त्याने चार्जिंगची छोटी पट्टीच बदलली. ६५० रुपये, दीड तास, वर चहा. म्हणजे ७,२०० कशाचे होते, हे कोल्हापूरवाल्यांनी मला लेखी सांगायचंय. दोन मेल टाकलेत, उत्तर नाही.

घ्यावा का? घाटावर राहत असाल तर खुशाल घ्या. किनाऱ्यावर असाल तर आधी पॉइंटला बूच मिळतं का विचारा. मी सायकलच्या ट्यूबचा तुकडा कापून बसवलाय. पाचपैकी तीन, तेही स्क्रीनसाठी.

तांदळाचा डबा सासूबाईंनी वरच्या फळीवर हलवलाय.