फॉलिक्युलर लिम्फोमा: थांबायचं की रितुक्सिमॅब घ्यायचं?

काखेतली गाठ तपासली, फॉलिक्युलर लिम्फोमा म्हणजे लसिका ग्रंथींचा सावकाश वाढणारा कॅन्सर निघाला, त्रास काहीच नाही आणि डॉक्टर म्हणाले, "नुसतं लक्ष ठेवून थांबा किंवा रितुक्सिमॅब हे औषध घ्या, दोन्ही चालेल, तुम्ही ठरवा." तीन वर्षांपूर्वी मी अशाच पेचात होतो.

थांबणं म्हणजे हातावर हात धरून बसणं, असं घरच्यांना वाटतं. "कॅन्सर आहे म्हणतात आणि औषध देत नाहीत?" हे इंदुरातल्या आमच्या एकूण एक नातेवाइकांनी विचारून झालं. पण दर तीन महिन्यांनी तपासणी असते. एखादी गाठ ७ सेंटिमीटरची झाली, तीन ठिकाणी ३ सेंटिमीटरच्या झाल्या, ताप, रात्री भिजवणारा घाम, वजनात घट किंवा रक्तपेशी कमी झाल्या, की थांबणं संपतं.

रितुक्सिमॅबची बाजूही लंगडी नाही. आठवड्याला एक याप्रमाणे चार सलाइनं, केस जात नाहीत. २०१४ साली प्रसिद्ध झालेल्या ब्रिटिश अभ्यासात तीन वर्षांनंतरही नव्या उपचाराची गरज न पडलेले, नुसतं थांबलेल्यांत ४६ टक्के होते. रितुक्सिमॅब घेऊन पुढेही दोन वर्षं चालू ठेवलेल्यांत ८८ टक्के. आयुर्मानात मात्र फरक दिसला नाही. काळजीनं झोप उडालेल्या माणसाला या औषधाचा आधार वाटतो, हे मी मान्य करतो.

माझं अडलं ते क्लासवर. मी घरीच आठवी-नववीच्या मुलांना गणित शिकवतो. हा कॅन्सर बी पेशींचा, म्हणजे संसर्गाशी लढणाऱ्या एका प्रकारच्या पांढऱ्या पेशींचा; हे औषध आजारी बी पेशींबरोबर निरोगीही संपवतं. त्या परतायला निदान सहा महिने जातात, तोवर लसही नीट लागू पडत नाही. आणि आपल्याकडे पाऊस लागला की पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत खोकला. डॉक्टर म्हणाले, "क्लास बंद करू नका, फक्त अंतर ठेवा." आता एक मुलगी गणित अडलं की वही घेऊन थेट माझ्या खुर्चीशी येते. तिला "तिथूनच विचार" म्हणायचं? जो आजार मला अजून काहीच करत नव्हता, त्याच्यापायी? ते मला जमलं नसतं.

थांबण्याचाही जाच आहेच. दाढी करताना हात मानेकडे जायचा, दिवस नासायचा. आता महिन्यातून एकदा, संकष्टीलाच चाचपतो.

तुमच्या घरचं गणित वेगळं असू शकेल. रितुक्सिमॅब घ्यायचं ठरलं तर आधी हिपॅटायटिस बीची तपासणी झालीच पाहिजे. दबलेला विषाणू उसळू शकतो. आणि ठरवण्याआधी डॉक्टरांना एक विचारा: आज थांबलो, तर नंतर हेच औषध कामी येईल ना? माझ्या डॉक्टरांनी मान डोलावली. त्या संध्याकाळी मी क्लास घेतला.