पोवई नाक्याजवळचं फॉर्मवालं दुकान: दाखल्यांसाठी डोळे झाकून जा, परदेशी शिष्यवृत्तीच्या निबंधासाठी अजिबात नको

साताऱ्यात पोवई नाक्यापासून चालत जायच्या अंतरावर हे दुकान आहे. नाव मुद्दाम टाकत नाही कारण पुढं दोन शब्द वाकडे येणार आहेत आणि मला दुकानवाल्या काकांशी भांडण नकोय. बाहेर बोर्डावर महाडीबीटी (राज्य सरकारच्या शिष्यवृत्त्यांचं पोर्टल), स्वाधार, नेट, पासपोर्ट, पॅन कार्ड, पीक विमा सगळं एका दमात लिहिलंय आणि तळाला लाल अक्षरात 'परदेशी शिष्यवृत्ती सल्ला मिळेल'. त्या लाल ओळीमुळं मी गेले. माझं एमएसडब्ल्यू (समाजकार्यातली मास्टर्स) झालंय, ऊसतोड टोळ्यांमधल्या बायकांच्या आरोग्यावर एका संस्थेत काम करते आणि आता पब्लिक हेल्थमध्ये परदेशात जाऊन मास्टर्स करायचं डोक्यात आहे. सोबत मामेभाऊ होता, तो माण तालुक्यातला, साताऱ्यात एमएसडब्ल्यूच्या पहिल्या वर्षाला आहे, त्याचा पोस्ट मॅट्रिक शिष्यवृत्तीचा (दहावीनंतरच्या शिक्षणाची) आणि स्वाधारचा फॉर्म भरायचा होता.

आधी त्याचं सांगते कारण तिथं काकांना पैकीच्या पैकी.

आम्ही खुर्चीवर टेकायच्या आत काकांनी पहिलं काय केलं तर आधारला कुठलं बँक खातं जोडलंय ते बघितलं. आम्ही फाईल उघडून उत्पन्नाचा दाखला, जातीचा दाखला, जातीची व्हॅलिडिटी सगळं काढून ठेवतोय आणि हे म्हणतात, राहू दे ते, आधी ओटीपी सांग. निघालं काय, तर पासबुक आणलं होतं एका बँकेचं आणि आधारला लिंक दुसरीच बँक, बारावीत असताना कुठल्यातरी योजनेसाठी काढलेलं खातं, ज्याचं एटीएमसुद्धा सापडत नाही. डीबीटीचे, म्हणजे सरकारकडून थेट खात्यात येणारे पैसे आपण फॉर्मात लिहिलेल्या खात्यात येत नाहीत, आधारला शेवटचं जे खातं जोडलंय त्यात जातात, हे निम्म्या पोरांना माहीतच नसतं आणि मग 'मंजूर दिसतंय पण पैसे आले नाहीत' म्हणून समाजकल्याणच्या पायऱ्या झिजवतात. काकांनी फॉर्मला हातच लावला नाही, आधी बँकेत जाऊन लिंक बदलून ये म्हणाले. भाऊ वैतागला, पण बरोबर होतं ते.

दुसरी गोष्ट, उत्पन्नाचा दाखला. पोस्ट मॅट्रिकला अडीच लाखाची मर्यादा आहे आणि दाखला चालू वर्षाचा लागतो, मार्च उलटला की जुना कामाचा नाही. काका दाखला हातात घेतल्या घेतल्या खालची वैधतेची तारीख बघतात, मग नाव, मग वडलांच्या नावाचं स्पेलिंग मार्कशीटशी जुळतंय का ते. स्कॅनिंगचं पण तसंच, पोर्टलला २५६ केबीच्या आत फाईल लागते तर बाकी दुकानात ती एवढी दाबतात की तहसीलदाराचा शिक्का म्हणजे नुसता जांभळा डाग दिसतो, मग कॉलेजच्या क्लार्क लॉगिनवरून फॉर्म परत. काकांचं स्कॅन झूम करून बघितलं मी, शिक्क्यातली अक्षरं वाचता येत होती. आणि फॉर्म सबमिट झाल्यावर त्यांनी भावाला दम दिला की आता घरी जाऊन झोपू नको, कॉलेजच्या डेस्कवरून पुढं सरकला का ते बघत राहा, सेंट बॅक म्हणजे चूक काढून परत आला तर मुदतीत दुरुस्त कर.

स्वाधारचं पण त्यांना तोंडपाठ आहे. सरकारी हॉस्टेलला नंबर लागला नाही अशा अनुसूचित जाती आणि नवबौद्ध पोरांसाठी ती योजना, पुणे-मुंबईला वर्षाला ६०,००० आणि आपल्यासारख्या जिल्ह्याच्या ठिकाणी ४३,०००. खोलीचं भाडं, मेस आणि एसटीचा पास धरला तर साताऱ्यात ४३,००० मध्ये वर्ष काढणं ओढाताणीचंच आहे, पण नसण्यापेक्षा बरं. भाड्याच्या खोलीचा करारनामा, स्थानिक नसल्याचं प्रतिज्ञापत्र, मेसचा कागद, कुठला कागद कुठून आणायचा ते काकांनी एका चिठ्ठीवर लिहून दिलं. एका फॉर्मचे दीडशे घेतात. शंभरात करणारे पण आहेत जवळपास, पण वरचे पन्नास वसूल आहेत.

आता माझ्या लाल ओळीकडं येते.

राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्तीपर्यंत काका ठीक होते. राज्यातून ७५ जागा, युनिव्हर्सिटी क्यूएसच्या जागतिक क्रमवारीत २०० च्या आत पाहिजे, मास्टर्सला वय ३५ पर्यंत, आणि ऑफर लेटर बिनशर्त पाहिजे, 'आयईएलटीएस (इंग्रजीची परीक्षा) नंतर देते' असलं कंडिशनल लेटर चालत नाही. केंद्राच्या नॅशनल ओव्हरसीज शिष्यवृत्तीची जुनी जाहिरात पण काढून दाखवली, तिथं १२५ जागा आणि युनिव्हर्सिटी ५०० च्या आत. हे सगळं कागदाचं काम, आणि कागदात हा माणूस वाघ आहे.

पण मी चेव्हनिंगचं (ब्रिटन सरकारची शिष्यवृत्ती) विचारलं तेव्हा गाडी घसरली. चेव्हनिंगला २,८०० तास कामाचा अनुभव मागतात. काका लगेच म्हणाले, टेन्शन घेऊ नको ताई, एमएसडब्ल्यूचं दोन वर्षांचं फिल्डवर्क आहे ना, त्यात धरून टाकू. धरून टाकू काय! डिग्रीसाठी सक्तीचं केलेलं काम त्यात मोजतच नाहीत, त्यांच्या साईटवर स्वच्छ लिहिलंय. नर्सिंग आणि मेडिकलवाल्यांनी पण हे नीट बघा, सक्तीची इंटर्नशिप धरून बेरीज केली तर पहिल्याच चाळणीत जाल. माझी संस्थेतली नोकरी होती म्हणून माझं भागलं.

आणि मग निबंध. काकांकडं तीन हजाराचं 'एसओपी पॅकेज' आहे, एसओपी म्हणजे अर्जासोबतचा स्वतःबद्दलचा निबंध. नमुना दाखवा म्हटलं तर एक फाईल उघडली. पहिलं वाक्य, लहानपणापासून मला गोरगरिबांची सेवा करायची इच्छा होती, इंग्रजीत. दुसऱ्या परिच्छेदात भारत हा विकसनशील देश आहे. तिसऱ्यात समाजकार्याच्या आवडीबद्दल लिहिता लिहिता मध्येच 'मेकॅनिकल क्षेत्रातील माझे कौशल्य' आलं, म्हणजे कुठल्यातरी इंजिनियर पोराच्या एसओपीवर हे चढवलेलं होतं. मी बोट दाखवलं तर काका हसून म्हणाले, ते बदलतो की आपण.

बदलून काय होणार? चेव्हनिंगचे निबंध विचारतात की तू लोकांना कसं पुढं नेलंस, कुणाकुणाला जोडलंस, हाच कोर्स का, परत येऊन काय करणार. त्याला उत्तर टोळीवरच आहे माझ्याकडं. पहाटे अंधारात निघालेली बाई, नवरा-बायकोचा मिळून एक कोयता धरतात म्हणून खाडा झाला की दोघांची मजुरी कापली जाते, मग ती पाळीच्या दिवसात दुखणं अंगावर काढते आणि सरकारी दवाखान्याची वेळ तिच्या वेळेशी कधी जुळतच नाही. आमच्या संस्थेनं आशाताईंना धरून संध्याकाळी पालावर तपासणी सुरू केली, मुकादमांना पटवायला काय काय करावं लागलं ते मी लिहू शकते, काका कसं लिहिणार? बरं, दुसऱ्याचं उचललेलं सापडलं तर अर्जच बाद, म्हणजे तीन हजार देऊन स्वतःचा पत्ता कापून घ्यायचा.

कॉमनवेल्थ शिष्यवृत्तीबद्दल तर काकांना काहीच माहीत नव्हतं, आणि आपल्या विषयाला तीच जास्त जवळची आहे. तिच्या ठरलेल्या विकासविषयांत आरोग्य व्यवस्था बळकट करणं हा एक स्वतंत्र विषयच आहे. मास्टर्ससाठी आपल्या शिक्षण मंत्रालयाकडं अर्ज आणि ब्रिटनच्या कॉमनवेल्थ कमिशनच्या साईटवर वेगळा अर्ज, असे दोन्ही भरावे लागतात, एकच भरून गप्प बसू नका. जे. एन. टाटा एन्डोमेंट पण त्यांच्या यादीत नाही. ती कर्ज-शिष्यवृत्ती आहे, फेडावी लागते, पण १८९२ पासून चालू आहे आणि पहिल्या दोन मानकऱ्यांत आपल्या कोल्हापूरच्या डॉ. कृष्णाबाई केळवकर होत्या, दोघीही डॉक्टर बायका. एवढ्या जवळचं नाव असून साताऱ्या-सांगलीच्या दुकानात ते कुणी सांगत नाही याचं मला जरा वाईटच वाटलं.

अजून एक तक्रार. काका प्रत्येकाचा युजर आयडी आणि पासवर्ड एका लांबड्या वहीत लिहून ठेवतात आणि ती वही काउंटरवर उघडी असते. पोरं विसरतात म्हणून लिहितो म्हणतात, हेतू वाईट नाही, पण माझ्यासमोर एक मुलगी स्वतःचं नाव शोधताना चारचौघांची पानं चाळत होती. मोबाईल नंबर स्वतःचाच टाकायला लावा, घरी आल्यावर पासवर्ड बदला, आणि दाखल्यांचं स्कॅन पेन ड्राइव्हवर घेऊन त्यांच्या कॉम्प्युटरवरून उडवायला सांगा. सांगितलं की उडवतात, कुरकुर करत नाहीत.

पाचपैकी साडेतीन देते. दाखले-फॉर्म पाच, परदेशी सल्ला दीड, आणि स्वभावाचे थोडे वरचे, कारण भावाला बँकेत परत पाठवलं तेव्हा एक रुपया घेतला नाही. महाडीबीटीची शेवटची तारीख जवळ आली की रांग पार रस्त्यावर येते, सकाळी दुकान उघडायच्या वेळेलाच गाठा. झेरॉक्स मात्र तिथं काढू नका, दोन रुपये लावतात, शेजारच्या स्टेशनरीवाल्याकडं रुपयात होते.