एम्सची १८६० नमुन्याची घोडदळी तलवार: घेण्याआधी काय तपासावे

अमेरिकी यादवी युद्धातली (१८६१-६५) एकच तलवार संग्रहात ठेवायची असेल, तर ती मॅसॅच्युसेट्समधल्या चिकोपी गावच्या एम्स कारखान्याची असावी. १८६० चा हा नमुना हातात घेताच आधीच्या तलवारीपेक्षा हलका लागतो. १८४० ची तलवार फ्रेंच घोडदळाच्या १८२२ च्या नमुन्यावरून घेतलेली होती. तिचे पाते सव्वा इंच रुंद होते आणि वजनामुळे तिला ‘मनगटमोडी’ हे टोपणनाव पडले. नव्या नमुन्यात रुंदी एक इंचावर आली आणि लांबी ३५ इंचांच्या आसपास राहिली. मूठ मधोमध किंचित फुगीर झाली. दोन्ही नमुन्यांची परज, म्हणजे मुठीवरच्या हाताला आडोसा देणारा भाग, पितळी आणि तीन फाट्यांची, म्हणून ओळख परजेवरून नव्हे, मुठीवरून आणि पात्याच्या रुंदीवरून पटवावी.

आता खुणा. मुठीलगत पात्याला जिथे धार नसते, तिथे एका बाजूला कारखान्याचे नाव आणि दुसऱ्या बाजूला ‘यू.एस.’, तपासनिसाची आद्याक्षरे व साल असते. हे ठसे पोलादात ठोकलेले असतात; कडा झिजल्या तरी खोली राहते. उथळ, एकसारखी, आम्लाने कोरल्यासारखी अक्षरे दिसली तर थांबावे. मग पात्याच्या पाठीवर नजर टाकावी. अस्सल पात्याची जाडी मुठीकडून टोकाकडे उतरत जाते. नकलेचे पाते बहुधा सरसकट एकाच जाडीचे असते, त्यामुळे ती तलवार पुढच्या बाजूला जड वाटते. नव्या ओतीव पितळेवर वाळूसारखे खड्डेही दिसतात. अशा प्रतिकृती भारतातही भरपूर बनतात. शोभेसाठी त्या ठीक आहेत, जुन्या म्हणून विकल्या तर ती फसवणूकच.

मुठीच्या टोपीवर पात्याची शेपटी, म्हणजे मुठीतून आरपार जाणारे त्याचे अरुंद टोक, ठोकून बसवलेली असते. तिथे ताजे घाव किंवा चकाकी दिसली, तर तलवार कधीतरी उघडली गेली आहे. मुठीवरची पिळाची पितळी तार सैल असणे किंवा पात्याच्या बुडाशी चामड्याची चकती नसणे हा मोठा दोष नव्हे, चामडे आक्रसतेच. लोखंडी म्यानाला पोचा असेल तर मात्र पाते आत-बाहेर करताना घासते. ते जोराने ओढू नये.

सर्वांत जास्त नुकसान साफसफाईने होते. काळपट तपकिरी थर हे वय आहे, लाल गंज हा रोग आहे. पॉलिश कागद आणि पितळ चकचकीत करणारी पेस्ट यांनी थर, ठसे आणि किंमत तिन्ही जातात. लाल गंजावर फक्त चार शून्यांची (०००० क्रमांकाची, अतिशय बारीक) पोलादी लोकर हलक्या तेलासोबत, दाब न देता फिरवावी. तेल पूर्णपणे पुसून मेणाचा पातळ हात द्यावा. म्यानात तेल ओतू नये. धूळ धरून त्याचा चिखल होतो. दमट किनारी हवेत पाते म्यानाबाहेरच ठेवावे आणि सुती हातमोजे घालूनच उचलावे, कारण घामातल्या मिठाने उमटलेला बोटाचा ठसा पोलादात कायमचा बसतो.