सागरी जीवशास्त्रासाठी परदेशी जायचं तर: टाउन्सविल, कील की प्लिमथ?

मुंबई विद्यापीठातून झूलॉजी किंवा लाइफ सायन्सेसमध्ये तीन वर्षांची बी.एस्सी. झाली आहे आणि पुढे समुद्रावरच काम करायचं आहे, अशांपुढे बहुधा तीन देश असतात: ऑस्ट्रेलिया (टाउन्सविल), जर्मनी (कील), ब्रिटन (प्लिमथ). विद्यापीठांची क्रमवारी बघण्याआधी दोन गोष्टी ठरवा. कोणत्या समुद्रात, कशावर काम करायचंय? आणि प्रबंधाला किती महिने हवेत? निवड बरीचशी तिथेच होते.

प्रवाळ हाच ध्यास असेल तर टाउन्सविलला तोड नाही. जेम्स कुक विद्यापीठाचं ऑर्फियस बेटावर स्वतःचं संशोधन केंद्र आहे आणि ऑस्ट्रेलियन इन्स्टिट्यूट ऑफ मरीन सायन्सही शहराजवळच आहे. ग्रेट बॅरियर रीफवर २०१६, २०१७, २०२०, २०२२ आणि २०२४ मध्ये प्रवाळ मोठ्या प्रमाणावर पांढरे पडले. त्यामुळे पाण्याच्या वाढत्या तापमानाचा परिणाम हा तिथे रोजच्या अभ्यासाचा विषय आहे. साधारण नोव्हेंबर ते मे हा विषारी बॉक्स जेलीफिशचा हंगाम असतो आणि पावसाळाही त्यातच येतो, म्हणून फील्डवर्कचे महिने आधीच आखावे लागतात.

कीलचा बाल्टिक समुद्र अगदी वेगळा. भरती-ओहोटी जवळजवळ नाही, खारटपणा उघड्या महासागराच्या निम्म्याच्या आसपास, प्रजाती मोजक्या. विविधता बघायला जाल तर निराश व्हाल. पण प्लवक, पाण्यातल्या ऑक्सिजनची घट, खतं-सांडपाण्यामुळे माजणारं शैवाल हे शिकायला तो उत्तम, आणि ठाणे खाडीवर काम करायचं म्हटलं तरी हेच प्रश्न समोर येतात. गेओमार या सागर संशोधन संस्थेशी जोडलेला बायॉलॉजिकल ओशनोग्राफीचा मास्टर्स इंग्रजीत आणि चार सत्रांचा आहे. खारफुटीत रस असेल तर ब्रेमेनच्या उष्णकटिबंधीय सागरी संशोधनाच्या लायब्निझ केंद्राकडेही बघा.

प्लिमथचा किनारा मुंबईकराला ओळखीचा वाटेल: मोठी भरती-ओहोटी आणि खडकाळ किनारा. कार्टर रोडला किंवा हाजीअलीला उधाणाच्या ओहोटीत चौकट टाकून जीव मोजले असतील, तर तीच पद्धत तिथे कामी येते. मरीन बायॉलॉजिकल असोसिएशनची तिथली प्रयोगशाळा १८८८ पासून आहे. देवमासे आणि सीलसाठी मात्र प्लिमथ नव्हे, स्कॉटलंडमधलं सेंट अँड्र्यूज.

ब्रिटनची अडचण वेळेची आहे. मास्टर्स एका वर्षात संपतो. सप्टेंबरात पोचलात की काही महिन्यांतच प्रबंधाचा विषय आणि मार्गदर्शक पक्का करावा लागतो, आणि फील्डवर्कला एकच उन्हाळा मिळतो. हवामान बिघडलं, नमुने वाया गेले तर दुसरी संधी नाही. विषय आधीच ठरला असेल तरच हा रस्ता धरावा, असं आमचं स्पष्ट मत आहे. ऑस्ट्रेलियात दोन वर्षं मिळतात, पण तिथे फक्त कोर्सवर्कचा मास्टर्सही असतो. पुढे पीएच.डी. करायची असेल तर संशोधन प्रबंध असलेलाच पर्याय घ्या.

आता पैसे. जर्मनीत बहुतेक सरकारी विद्यापीठांत शिकवणी शुल्क नाही, सत्राचे काही शे युरो भरावे लागतात. बाडेन-व्युर्टेम्बर्ग राज्य त्याला अपवाद आहे. व्हिसासाठी ब्लॉक्ड अकाउंटमध्ये वर्षाचे ११,९०४ युरो ठेवावे लागतात. ते तुमचेच असतात, महिन्याला ९९२ मिळतात. ऑस्ट्रेलियात शुल्क आणि प्रवासखर्च सोडून राहणीसाठीच २९,७१० ऑस्ट्रेलियन डॉलर दाखवावे लागतात, आणि व्हिसा नाकारला तरी परत न मिळणारं व्हिसाशुल्क २,००० डॉलर. ब्रिटनमध्ये लंडनबाहेर नऊ महिन्यांचे दरमहा १,१७१ पौंड, शिवाय आरोग्य अधिभार वर्षाला ७७६. हे पैसे सलग २८ दिवस खात्यात हवेत; एक दिवस जरी शिल्लक खाली गेली तरी अर्ज नाकारला जाऊ शकतो. खातं तुमचं किंवा आईवडिलांचं लागतं (त्यांचं असेल तर जन्मदाखला आणि संमतिपत्र जोडा). काका-मामांच्या खात्यातले पैसे धरत नाहीत. हे आकडे दरवर्षी बदलतात, अर्जाच्या दिवशी सरकारी संकेतस्थळावर पुन्हा तपासा.

जर्मनीची खरी चाळणी गुणांची. तिथे १ सर्वोत्तम आणि ४ म्हणजे जेमतेम पास. सूत्र असं: कमाल गुणांतून तुमचे गुण वजा करा, त्याला कमाल आणि पास होण्याच्या गुणांमधल्या फरकाने भागा, तिनाने गुणा आणि एक मिळवा. दहापैकी ४ ला पास धरलं तर ८ सीजीपीए म्हणजे २.०, ७ म्हणजे २.५. बऱ्याच अभ्यासक्रमांची मर्यादा २.५ च्या आसपास असते. त्यासोबत संख्याशास्त्र आणि रसायनशास्त्राचे क्रेडिटही पाहतात, म्हणून पदवीचा सविस्तर अभ्यासक्रम कॉलेजच्या शिक्क्यासह आजच घेऊन ठेवा. व्हिसासाठी एपीएस प्रमाणपत्र (शैक्षणिक कागदपत्रांच्या पडताळणीचं) लागतं, त्याचं शुल्क १८,००० रुपये. ट्रान्सक्रिप्ट आणि एपीएस या दोन्हींना वेळ जातो, तेव्हा ऑक्टोबरच्या सत्रासाठी आदल्या वर्षीच्या दिवाळीपासून लागा.

सगळा खर्च शिष्यवृत्तीतून व्हावा असं वाटत असेल तर बेल्जियमचं गेंट विद्यापीठ समन्वय करत असलेल्या आयएमबीआरसी (IMBRSea) या सागरी जैवसंपत्तीवरच्या इरास्मस मुंडुस, म्हणजे युरोपीय संघाच्या संयुक्त, मास्टर्ससाठी अर्ज कराच: शिष्यवृत्ती महिन्याला १,४०० युरो, दोन वर्षं. स्पर्धा तीव्र असते. मुंबईतलं जे. एन. टाटा एन्डाउमेंट १८९२ पासून आहे, पण ते कर्जरूप शिष्यवृत्ती देतं हे ध्यानात ठेवा.

शिक्षणानंतर जर्मनीत नोकरी शोधायला १८ महिने मिळतात. ब्रिटनमध्येही १ जानेवारी २०२७ पासून अर्ज करणाऱ्या मास्टर्सवाल्यांना तेवढेच. जर्मनीत अभ्यासक्रम इंग्रजीत असला तरी विद्यापीठाबाहेरच्या नोकऱ्या जर्मन मागतात.

प्रबंधासाठी मुंबईचे नमुने तिकडच्या प्रयोगशाळेत न्यायचा बेत असेल तर प्रवेश घेतानाच मार्गदर्शकाला सांगा: राष्ट्रीय जैवविविधता प्राधिकरणाची परवानगी लागते. प्रवाळ वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहेत, त्यामुळे त्यांना हात लावण्याआधी वनविभागाचीही परवानगी हवी. कागद हातात येईपर्यंत प्रबंधाचे महिने उलटून जाऊ शकतात, म्हणून नमुने इथेच एखाद्या भारतीय संस्थेत तपासून फक्त आकडेवारी वापरता येईल का, हेही त्यांना तेव्हाच विचारा.