पांढराशुभ्र स्टॉर्म शॅडो विकत घेताना: पाठीचा स्क्रू उघडल्यावर काय दिसलं

स्टॉर्म शॅडो म्हणजे जी.आय. जो या खेळण्यांच्या मालिकेतली, पांढऱ्या पोशाखातल्या निंजाची छोटी बाहुली, म्हणजे फिगर. जाहिरातीत लिहिलं होतं, ‘१९८४ चा मूळ स्टॉर्म शॅडो, कधीही न खेळलेला, सगळी शस्त्रं सोबत.’ फोटोत फिगर अगदी पांढरीशुभ्र. पुण्यातल्या एका संग्राहकाने यूपीआयने ९,००० रुपये आगाऊ भरले. काही महिन्यांतच छाती आणि मांड्यांवर पिवळे पट्टे उमटू लागले, तेव्हा फिगर खोलली आणि सगळा प्रकार समोर आला. हॅस्ब्रो या अमेरिकन खेळणी कंपनीच्या जी.आय. जो मालिकेत, पिवळी फिगर उजळवून नवी म्हणून खपवायची ही फसवणूक वारंवार होते आणि पांढऱ्या फिगर तिला सर्वाधिक बळी पडतात, म्हणून तपशिलात लिहीत आहे.

चाळीस वर्षांपूर्वीचं पांढरं एबीएस प्लास्टिक ऊन, उष्णता आणि हवेने पिवळं पडतंच. ते घालवण्यासाठी हायड्रोजन पेरॉक्साइड वापरतात. बहुतेक जण सलूनमध्ये केस रंगवताना वापरतात ते १२ टक्क्यांचं क्रीम फासतात आणि फिगर काही तास उन्हात किंवा अतिनील दिव्याखाली ठेवतात. ही पद्धत जगभरचे संग्राहक वापरतात, त्यात गैर काही नाही. पण तिने फक्त वरचा थर उजळतो, झिजलेलं प्लास्टिक पुन्हा नवं होत नाही आणि पिवळेपणा बहुधा परत येतो. उजळलेली फिगर उजळलेली म्हणून, त्या भावात विकावी. ‘कधीही न खेळलेली’ म्हणून विकणं ही सरळ लबाडी आहे.

या फिगरमध्ये खुणा स्पष्ट होत्या. पाठीचा एकुलता एक स्क्रू काढून धड उघडलं, तर आतली बाजू हस्तिदंती आणि बाहेरची पांढरी. आपसूक जुन्या झालेल्या फिगरमध्ये बहुधा उलट असतं: उजेड लागलेला भाग जास्त पिवळा, काखेत आणि कमरेच्या सांध्यात झाकलेला भाग उजळ. कोपरावरच्या रिव्हेटभोवती, म्हणजे सांधा धरून ठेवणाऱ्या धातूच्या खिळीभोवती, तपकिरी कडी होती. क्रीम आणि पाणी सांध्यात शिरलं की रिव्हेट गंजतो, आणि प्लास्टिकमध्ये मुरलेला तो डाग सहसा निघत नाही. क्रीम असमान लागल्याने मांडीवर ढगाळ पट्टे उठले होते. हातावरचं लाल गोंदण पेरॉक्साइडने फिकं पडलेलं असावं, कारण त्यावर नवा रंग फिरवला होता. भिंगाखाली त्याची कड जाड आणि किंचित उंच दिसत होती.

उजव्या हाताचा अंगठा तुटून चिकटवलेला होता. झटपट चिकटणाऱ्या गोंदाने सांध्याभोवती पांढुरकी धूसर झाक येते, तीच तिथे होती. या मालिकेतले अंगठे बारीक असतात आणि शस्त्र जोर लावून मुठीत कोंबलं की तुटतात. म्हणून विक्रेत्याकडे दोन्ही अंगठ्यांचा जवळून काढलेला फोटो मागावाच.

आता शस्त्रं. या फिगरसोबत लांब आणि आखूड अशा दोन तलवारी, नानचाकू (साखळीने जोडलेल्या दोन काठ्या), धनुष्य आणि पाठीवरची पिशवी येते. यातली लांब तलवार आणि धनुष्य नकली निघालं. मूळ वस्तूवरून साचा काढून ओतलेली नक्कल किंचित आखूड निघते, कडा बोथट होतात आणि चकाकी वेगळी दिसते. खात्रीच्या मूळ तुकड्याशेजारी ठेवून लांबी मोजली की फरक कळतो. नुसत्या फोटोवरून ठरवणं धोक्याचं आहे.

भारतात आणखी एक प्रकार चालतो. फनस्कूल या भारतीय खेळणी कंपनीने हॅस्ब्रोच्या परवान्यावर हीच मालिका इथे काढली आणि त्यातल्या काही फिगरचे रंग अमेरिकन प्रतींपेक्षा वेगळे आहेत. दोन-तीन मोडक्या फिगरचे भाग जुळवून एक ‘दुर्मिळ प्रत’ उभी करणारे आहेत. मागच्या बाजूला साच्यातून उठलेले ठसे (कंपनी, साल) आणि हातापायांच्या प्लास्टिकची छटा जुळते का, ते बघा.

फिगर स्वच्छ करायची योग्य पद्धत साधी आहे. स्क्रूच्या खाचेत घट्ट बसणाऱ्या छोट्या फिलिप्स स्क्रूड्रायव्हरने धड उघडा. धड आणि पाय आतून जोडून ठेवणारी रबरी कडी, म्हणजे ओ-रिंग, कात्रीने कापून टाका. जुनं रबर बहुधा वाळलेलंच असतं. कोमट पाण्यात भांडी घासायच्या साबणाचे दोन-तीन थेंब आणि मऊ ब्रश पुरतो. रिव्हेट असलेले हातपाय भिजत ठेवू नका. झटपट धुवा, पुसा आणि २४ तास सुकू द्या. अॅसिटोन आणि थिनरने प्लास्टिक विरघळतं. मेलामाइनचा पांढरा स्पंज रंग खरवडतो. नवी ओ-रिंग फार ताठ असेल तर पाय वळवताना कमरेचा तुकडा तडकतो. स्क्रू परत बसवताना आधी उलटा फिरवून जुन्या आट्यात टेकू द्यावा, मगच हलक्या हाताने आवळावा. नाहीतर प्लास्टिकचा आटा फाटतो आणि पुन्हा धरत नाही.

पैसे देण्याआधी धड उघडलेल्या अवस्थेतले फोटो, कोपराचे रिव्हेट, मागचे ठसे आणि फिगरची बिनफिल्टरची, खिडकीच्या उजेडातली चित्रफीत मागा. ‘उजळलेली आहे का, रंग फिरवला आहे का, कोणते भाग बदलले आहेत’ हे प्रश्न लेखी विचारा आणि उत्तर जपून ठेवा. अतिनील टॉर्चखाली नवा रंग आणि गोंद बऱ्याचदा वेगळे चमकतात, तेव्हा समोरासमोर व्यवहार असेल तर टॉर्च बरोबर न्या. पार्सल फोडताना सलग चित्रीकरण करा. ऑनलाइन पैसे घेऊन विक्रेता गायब झाला तर तासाभराची वाट न बघता सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइन १९३० वर तक्रार करा. दुकानाकडून चुकीच्या वर्णनाचा माल आला असेल तर ग्राहक हेल्पलाइन १९१५ आहे.