मंक्टनची टायडल बोअर आणि होपवेल रॉक्स: प्लीज घाईत बघू नका

टोरोंटोकडून ईस्ट कोस्टला आरव्ही (राहायची सोय असलेली मोठी गाडी) घेऊन जाणारे आपले बरेच लोक कॅनडातल्या न्यू ब्रन्सविक प्रांतातल्या मंक्टनला फक्त पेट्रोल भरायला आणि झोपायला थांबतात, आणि कोणी बोअर, म्हणजे भरतीची नदीत उलटी शिरणारी लाट, बघायला गेलंच तर पाच मिनिटांत परत येऊन "काही खास नाही, एवढीशी लाट" असं लिहून मोकळं होतं. मला हे अजिबात पटत नाही, म्हणून जरा सविस्तर लिहितेय.

बे ऑफ फंडीमध्ये जगातली सगळ्यात मोठी भरती येते, नोव्हा स्कोशियाच्या बाजूला बर्नकोट हेडला तर पाणी 16 मीटरपर्यंत चढतं. हा उपसागर आत जाईल तसा निमुळता आणि उथळ होत जातो, शिवाय त्यातलं पाणी एकदा आत-बाहेर हिंदकळायला जेवढा वेळ घेतं तो भरतीच्या साडेबारा तासांच्या चक्राशी जवळपास जुळतो, म्हणजे दर भरतीला आधीच्या हेलकाव्यावर अजून एक धक्का बसतो. हेच पाणी पेटिकोडियाक नदीत शिरलं की त्याची पुढची कड लाट होऊन चक्क शहराच्या मधून उलटी वर जाते. तीच टायडल बोअर.

बघायची जागा म्हणजे मेन स्ट्रीटवरचं बोअर पार्क. तिकीट नाही, बसायला पायऱ्या आहेत, बोअर किती वाजता येणार त्याची वेळ लावलेली असते. तरी वीस मिनिटं आधी जाऊन बसा, पुढेमागे होतं. आणि ओंटारिओ-क्वेबेककडून येणाऱ्यांनी हे लक्षात ठेवा की न्यू ब्रन्सविकचं घड्याळ एक तास पुढे आहे, फोन आपोआप बदलतो पण आरव्हीच्या डॅशबोर्डवरचं घड्याळ बदलत नाही.

आम्ही पोचलो तेव्हा नदी जवळजवळ रिकामी, दोन्ही बाजूंना ओला चकचकीत तपकिरी चिखल आणि मधून पाण्याची धार. मग आधी आवाज येतो, मग वळणावरून या काठापासून त्या काठापर्यंत एक रेघ सरकत येते आणि समोरून निघून जाते, लोक टाळ्या वाजवतात आणि उठतात. उठू नका! खरी गंमत त्याच्यानंतरच आहे. नदी पूर्ण ताकदीने उलटी वाहायला लागते, ओंडके, फेस, काटक्या सगळं वरच्या दिशेने, आणि तासाभरात तो चिखल दिसेनासा होतो. माझे बाबा देवगडचे, जन्म खाडीकाठी गेलेला, ते बराच वेळ गप्प बघत होते, मग म्हणाले, "आपल्याकडे पण खाडी भरते गं, पण पाणी नेमकं कधी फिरलं ते कुणाला कळतच नाही, इथे डोळ्यांदेखत फिरतं."

ही लाट मधली बरीच वर्षं जवळपास गेलेलीच होती हे पण माहीत असावं. 1968 मध्ये मंक्टन आणि पलीकडच्या काठावरच्या रिव्हरव्ह्यूच्या मध्ये नदीत भराव घालून दरवाजे असलेला रस्ता (कॉजवे) बांधला, त्याने नदी गाळाने भरत गेली आणि बोअर अगदीच किरकोळ झाली. लोकांनी वर्षानुवर्षं लावून धरलं तेव्हा कुठे 2010 च्या एप्रिलमध्ये दरवाजे उघडले, आणि 2013 मध्ये तर दोन कॅलिफोर्नियन सर्फर याच लाटेवर 29 किलोमीटर गेले. 2021 पासून तिथे मोकळा पूल आहे. एक मारलेली नदी माणसांनी परत जिवंत केली, आणि मला तरी बघताना सगळ्यात जास्त तेच भिडलं.

दिवस मात्र बघून जा. अमावास्या-पौर्णिमेला आणि त्याच्यानंतरचे एक-दोन दिवस उधाण असतं तेव्हा लाट छान मोठी येते, अष्टमीच्या आसपास भांगाला (भरती सगळ्यात कमी असते तेव्हा) गेलात तर खरंच घोट्याएवढी दिसेल आणि मग तुम्ही पण वाईट रिव्ह्यू लिहाल. कालनिर्णय काढून बसा, पण आपली कोकणातली तिथीची पाऊणपट करून वेळ काढायची पद्धत तिथे लावू नका, वेळ तिथल्याच तक्त्यात बघा. रोज साधारण पन्नास मिनिटं पुढे जाते ते मात्र सगळीकडे सारखंच. मोठी आरव्ही डाउनटाउनमध्ये नेऊ नका, कॅम्पग्राउंडवर लावून टॅक्सीने जाणं सोपं.

आता होपवेल रॉक्स. मंक्टनहून 114 नंबरच्या रस्त्याने पाऊण तासाच्या आत, इथे तिकीट आहे आणि ते पूर्ण वसूल होतं. ओहोटीला जिना उतरून तुम्ही समुद्राच्या तळावर चालता, डोक्यावर झाडं असलेले उंचच्या उंच खडक, त्यांच्या कमरेपर्यंत ओलं सीवीड लटकलेलं, आणि मग कळतं की ही सीवीडची रेघ आपल्या डोक्याच्या किती वर आहे. भरतीला याच खडकांची छोटी बेटं होतात आणि मधून लोक कयाक चालवतात. फरक 14 मीटरपर्यंतचा. म्हणून माझं कळकळीचं सांगणं आहे की दोन्ही वेळा बघा, मध्ये सहा तासांच्या वर जातात, तेवढ्यात आरव्हीत वरणभात करा, झोपा काढा, पार्किंग भरपूर आहे, फक्त रात्री मुक्काम करता येत नाही. यातल्याच एलिफंट रॉक नावाच्या खडकाचा मोठा भाग 2016 मध्ये कोसळला, त्यामुळे जुन्या फोटोंत दिसतो तसा तो आता दिसणार नाही.

आईचे गुडघे दुखतात, तिला वरून खाली नेणारी शटल कार्ट बरी पडली (वेगळे थोडे पैसे), पण शेवटचा लोखंडी जिना चढउतर करावाच लागतो. खाली नाही गेलं तरी वरच्या कठड्यांवरून चांगलं दिसतं. चपला नकोत, जुने शूज घाला, चिखल भयंकर निसरडा आहे. आणि स्टाफने वर चला म्हटलं की लगेच निघा, फोटो राहू देत, पाणी वाटतं त्यापेक्षा खूप लवकर चढतं.

बोअर पार्कला माझ्याकडून चार स्टार, उधाणाच्या दिवशी साडेचार. होपवेलला पाच. मुक्काम मंक्टनऐवजी पुढे फंडी नॅशनल पार्कमध्ये केलात तर अजून छान, शेजारच्या अल्मा गावात ओहोटीला मासेमारीच्या बोटी अक्षरशः जमिनीवर टेकलेल्या असतात आणि लॉब्स्टर ताजा मिळतो. जुलै-ऑगस्टमध्ये वीज-पाण्याचं कनेक्शन असलेल्या साइट्स लवकर संपतात, बुकिंग उघडलं की लगेच करून टाका.