प्रोजेक्ट लांबलाय: माणसं वाढवायची की स्कोप कापायचा?

गो-लाइव्हला, म्हणजे सॉफ्टवेअर प्रत्यक्ष वापरात यायला, सहा आठवडे उरलेत, काम दहा आठवड्यांचं दिसतंय आणि मॅनेजर विचारतोय, "बेंचवर चौघं मोकळे आहेत, देऊ का?" टीम लीडला हो म्हणावंसं वाटतंच, कारण क्लायंटला सांगायला लगेच काहीतरी मिळतं. तरी उत्तर देण्याआधी हे चौघं आणि कापलेला स्कोप (म्हणजे सध्यापुरती वगळलेली कामं) एकमेकांशेजारी ठेवून बघा.

माणसं वाढवण्याची किंमत पहिल्याच आठवड्यात मोजावी लागते. नव्या माणसाला व्हीपीएन, रिपॉझिटरीचा (जिथे कोड ठेवतात तिचा) अ‍ॅक्सेस आणि चालू स्थितीतलं टेस्ट एन्व्हायर्नमेंट मिळेपर्यंत काही दिवस जातात. मग केटी, म्हणजे नव्याला काम समजावून देणं. ती देणार कोण? ज्याला पेमेंटचं मॉड्यूल आतून-बाहेरून माहीत आहे, तोच. आणि अडलेले डिफेक्ट (कोडमधल्या चुका) सोडवायलाही तुम्हाला तोच हवा असतो. त्याची दुपार शंका निरसनात जाते, संध्याकाळ नव्यांच्या कोड रिव्ह्यूमध्ये, आणि स्वतःचं काम तो रात्री करतो. रात्री लिहिलेल्या त्या कोडमधले डिफेक्ट पुन्हा त्याच्याकडेच येतात.

शिवाय टीम आठ जणांची असेल तर दोघादोघांच्या २८ जोड्या होतात, चौघं वाढून बारा झाले की ६६. माणसं दीडपट, पण बोलून जुळवून घेण्याच्या वाटा दुपटीहून जास्त. आयबीएमच्या ओएस/३६० या ऑपरेटिंग सिस्टिमचं काम सांभाळलेल्या फ्रेड ब्रुक्स यांनी १९७५ मध्ये हेच मांडलं: उशीर झालेल्या सॉफ्टवेअर प्रोजेक्टवर माणसं वाढवली की तो आणखी लांबतो. हे फार ढोबळ विधान आहे, असंही त्यांनीच म्हटलं होतं. त्यामुळे अपवाद कुठे लागू पडतो, हे पाहायलाच हवं.

अमेरिकेतल्या आरोग्य विम्याची सरकारी वेबसाइट, हेल्थकेअर डॉट गव्ह, १ ऑक्टोबर २०१३ला सुरू झाली आणि पहिल्या दिवशी फक्त सहा जणांची नोंदणी पूर्ण झाली. दुरुस्तीसाठी बाहेरून माणसं आणली, पण मोजकीच, आणि मोठ्या साइट चालवण्याचा अनुभव असलेली. त्यांनी नवे फीचर लिहायला घेतले नाहीत. सिस्टिम नेमकी कुठे अडते हे दाखवणारं मॉनिटरिंग आधी उभं केलं, वारंवार लागणारा डेटा कॅश केला, म्हणजे पटकन मिळेल असा साठवून ठेवला. रोजच्या बैठकीत हुद्द्याने मोठा असलेल्याने नाही, तर विषय माहीत असलेल्याने बोलायचं, हा नियम ठेवला. डिसेंबरच्या सुरुवातीपर्यंत सरासरी रिस्पॉन्स टाइम आठ सेकंदांवरून एका सेकंदाच्या आत आला.

मला यातली दुसरी बाजू जास्त महत्त्वाची वाटते. त्याच काळात स्पॅनिश साइट पुढे ढकलली गेली आणि छोट्या व्यवसायांची ऑनलाइन नोंदणी तर तब्बल वर्षभर लांबवली. म्हणजे माणसं आली, पण स्कोपही कापला गेला. नुसती माणसं वाढवून ती साइट सावरली, असं कुणी सांगितलं तर ती अर्धीच गोष्ट आहे.

स्कोप कापण्यात कोडपेक्षा बोलणं अवघड असतं. फिक्स्ड प्राइस (आधीच ठरलेल्या रकमेचा) करार असेल तर क्लायंट पहिला प्रश्न पैशांचाच काढतो, आणि 'फेज टू' हा शब्द ऐकला की त्याला ते काम कधीच होणार नाही असं वाटतं. ती भीती खरी आहे, म्हणून पुढची तारीख लेखी द्या. कापायचं काय, हे वापरणाऱ्याच्या बाजूने ठरवा. महिनाअखेरचा रिपोर्ट गो-लाइव्हच्या दिवशी कुणाला लागत नाही. अ‍ॅडमिनची स्क्रीन नसेल तर काही आठवडे सपोर्टची माणसं स्क्रिप्ट चालवून तेच करू शकतात. डेटा मायग्रेशनची (जुना डेटा नव्या सिस्टिममध्ये हलवण्याची) तालीम, सिक्युरिटी टेस्टिंग आणि रोलबॅकची (बिघडलं तर आधीच्या स्थितीवर परतण्याची) तयारी मात्र कापू नका. हे तीन कापून वाचवलेला वेळ प्रॉडक्शनवर, म्हणजे लोक वापरत असलेल्या सिस्टिमवर, व्याजासकट भरावा लागतो.

हे सगळं आत्ताच, सहा आठवडे हातात असताना करा. शेवटच्या आठवड्यात अर्धवट बांधलेलं फीचर बाहेर काढणं हेच एक काम होऊन बसतं, आणि टेस्टरला सगळं पुन्हा तपासावं लागतं.

उरले दोन पर्याय. तारीख पुढे ढकलायची तर एकदाच, आणि पुरेशी. दर पंधरवड्याला सरकणाऱ्या तारखेवर क्लायंट विश्वास ठेवत नाही. शनिवार-रविवार बोलावणं एखादा आठवडा चालतं, त्यापुढे लोक दमतात आणि चुका वाढतात.

माझं मत स्पष्ट आहे: आधी स्कोप. बेंचवरच्या चौघांपैकी कुणी याच कोडबेसवर पूर्वी काम केलं असेल, तर त्याला जरूर घ्या. परफॉर्मन्स टेस्टिंग किंवा मायग्रेशनच्या स्क्रिप्टसारखं वेगळं काढता येणारं काम असेल, तर आणखी एक जण चालेल. बाकीच्यांना नाही म्हणा, आणि त्याच दिवशी क्लायंटकडे उरलेल्या कामांची यादी घेऊन जा, प्रत्येक ओळीसमोर "हे नसेल तर पहिल्या दिवशी कुणाचं काय अडेल" याचं उत्तर लिहून.